‘नाहीच जमलं तर शाळेत नाटक शिकवीन’

प्रश्न विचारणारी मुलगी हिंगोलीकडची आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तीन वर्षं युवक महोत्सवात एकांकिका केल्या, एकदा अभिनयाचं दुसरं बक्षीस मिळालं. आता तिला नाट्यशास्त्रात एम.ए. करायचंय. घरचे म्हणतात, आधी बी.एड. कर, मग काय ती नाटकं कर. विद्यापीठात नाटक शिकून नेमकं काय हाती लागतं, असं तिने विचारलंय आणि शेवटी एक ओळ जोडलीय: ‘अभिनयात नाहीच जमलं तर शाळेत नाटक शिकवता येईल ना?’

या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण सगळी गफलत तिथे आहे. नाटक करणं आणि नाटक शिकवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. चांगला नट चांगला शिक्षक असतोच असं नाही, हे तू कुठल्याही शिबिरात पाहिलं असशील. आणि न जमलेला नट तर मुलांसमोर फारच वाईट शिक्षक होतो, कारण त्याचं राहून गेलेलं सगळं तो त्या पोरांकडून करून घेतो. मी स्वतः पहिली दोन वर्षं हेच केलं, म्हणून एवढ्या खात्रीने लिहितेय.

आधी एम.ए.चं बोलू. युवक महोत्सवातून येणाऱ्या मुलांना पहिला धक्का बसतो तो हा, की इथे कुणी तुला भूमिका देत नाही. निदान पहिले काही महिने नाही. सकाळी सातला शरीराचा तास, मग आवाजाचा, मग नाट्यशास्त्र आणि रंगभूमीचा इतिहास, दुपारी प्रवेशांवर काम आणि संध्याकाळी सीनियर्सच्या नाटकाला बॅकस्टेज. लेव्हल म्हणजे लाकडी चौथरे उचल, फ्लॅट म्हणजे सेटच्या भिंती रंगव, प्रॉपर्टीची यादी ठेव, शिडी धर. एकांकिकेत मुख्य भूमिका केलेली मुलं इथे दोन महिन्यांत रडकुंडीला येतात. काही सोडूनही जातात. मला मात्र आजवर प्रकाशयोजनेच्या शिडीवर न चढलेला आणि तरीही स्टेजवर आपला उजेड शोधता येणारा नट क्वचितच भेटलाय. बहुतेक जण डायलॉगच्या नादात स्पॉटच्या हातभर बाहेर उभे राहतात आणि मग लाइटवाल्याला शिव्या देतात.

थिअरीला घाबरू नकोस, पण तिला पाठांतराचा विषयही समजू नकोस. एक उदाहरण देते. भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापं आहेत. विकृष्ट (आयताकृती), चतुरस्र (चौरस), त्र्यस्र (त्रिकोणी) असे तीन आकार, त्यातलं मध्यम मापाचं विकृष्ट ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. परीक्षेला हे हमखास येतं आणि मुलं आकृती काढून गुण घेतात. आमच्या सरांनी आम्हाला वहीत आकृती काढूच दिली नाही. विभागामागच्या मैदानावर चुन्याची फक्की आणि दोरी घेऊन गेलो. एक हात म्हणजे साधारण दीड फूट धरला, तर लांबी ९६ फूट आणि रुंदी ४८. लांबीचे दोन भाग केले, पुढचा प्रेक्षकांचा, मागचा रंगमंचाचा. मागच्या भागाचे परत दोन, त्यातला शेवटचा नेपथ्यगृहाचा, म्हणजे रंगपटाचा. मग निम्मे जण प्रेक्षकांत बसलो आणि उरलेल्यांनी एकेक करून माइकशिवाय बोलायचं. शेवटच्या रांगेत मला चेहरा दिसत होता, भुवईसुद्धा. मग सरांनी आम्हाला रेघेबाहेर आणखी चाळीस पावलं मागे नेलं. आवाज फाटला, चेहऱ्याचा नुसता ठिपका झाला. भरताने नेमकं हेच सांगितलंय की नाट्यगृह फार मोठं केलं तर उच्चार विस्वर होतो आणि मुखावरचे भाव दिसेनासे होतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते वाक्य पायाखालच्या चुन्यातून कळलं. त्या दिवसापासून कुठल्याही हॉलमध्ये प्रयोग असला की मी आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसते. (मत्तवारणी हा रंगमंचालगतचा भाग नक्की कुठे आणि कशी होती यावर मात्र आम्ही त्या मैदानावर तासभर भांडलो, आणि विद्वान अजूनही भांडतायत.)

विद्यापीठात मिळतं ते हे. अभिनय काय, नाटकाच्या ग्रुपमध्येही शिकायला मिळतो. पण प्रयोगाची तारीख डोक्यावर नसताना चुकायला दिलेला वेळ, रिकामी जागा, आणि तुझी चूक पाहून तिच्यावर बोलणारी पंधरावीस माणसं ग्रुपमध्ये मिळत नाहीत. स्पर्धेच्या तालमीत दिग्दर्शक सांगतो, ‘इथून इथे चाल, इथे थांब, इथे आवाज चढव.’ का चाल, हे विचारायला सवड नसते. विभागात तोच प्रवेश तुला पाच तऱ्हांनी करायला लावतात. आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (आतल्या भावाचा) ही भरताची चतुर्विध अभिनयाची वाटणी एका बाजूला, आणि या पात्राला या क्षणी काय हवंय, ते कुठून आलंय, बाहेर ऊन आहे की पाऊस, हे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचे प्रश्न दुसऱ्या बाजूला. दोन्ही वापरून बघितल्याशिवाय आपल्याला कुठली वाट लागू पडते ते कळत नाही.

कुठे जायचं? आधी मराठवाड्यातलंच छत्रपती संभाजीनगर. तिथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग जुना आहे आणि तिथे तुझी बोली कुणाला खटकणार नाही, ही गोष्ट लहान नाही. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, १९८७ पासूनचं. नृत्य, संगीत आणि नाटक एकाच छताखाली, गुरुकुल पद्धत. सतीश आळेकरांनी बरीच वर्षं ते सांभाळलं. तिथला मोठा फायदा म्हणजे बाजूच्या खोलीत कुणीतरी तबल्याचा रियाज करत असतं, आणि संध्याकाळी शहरात बघायला नाटक असतं. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ मध्ये वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिथे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत धावपळ, खर्च आणि कामाची संधी तिन्ही जास्त. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे, पणजीला कला अकादमीचं नाट्यमहाविद्यालय आहे. दिल्लीचं एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, तिथे तीन वर्षांचा डिप्लोमा, पूर्ण वेळ, दरमहा शिष्यवृत्तीसह. पण पदवीबरोबर नाटकांतल्या कामाचे पुरावे लागतात, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही चालवावी लागतात आणि देशभरातून मोजकीच मुलं घेतात. फॉर्म जरूर भर, पण त्याच्या भरवशावर वर्ष रिकामं ठेवू नकोस.

विभाग निवडताना माहितीपत्रक वाचत बसू नकोस. एक दिवस प्रत्यक्ष जा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तीन गोष्टी विचार: वर्षात किती नाटकं बसतात, तालमीची खोली रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि मुलींना वसतिगृहात किती वाजता परतावं लागतं. मी एका नावाजलेल्या ठिकाणी काही काळ शिकवलं, तिथे मुलींचं फाटक रात्री साडेआठला बंद व्हायचं आणि तालीम सातला सुरू व्हायची. मुलींच्या भूमिका आपोआप लहान होत गेल्या, आणि वर्षाअखेर परीक्षक म्हणाले, या बॅचच्या मुली जरा कमी पडल्या.

प्रवेश परीक्षेबद्दल थोडं, कारण टेबलाच्या पलीकडे मी बरीच वर्षं बसलेय. दर वर्षी निम्म्या मुली वेडी, फसवलेली किंवा सूड घेणारी बाई करून दाखवतात आणि निम्मी मुलं दारुडा. तुझ्या वयाचं, तुला कळणारं, साधं माणूस निवड. तीन मिनिटं पुरेत. तू ते संपवलंस की समोरचा म्हणेल, ‘हेच आता भाजी निवडता निवडता शेजारणीला सांग.’ तिथे खरी परीक्षा सुरू होते. पाठ केलेल्या हातवाऱ्यांना चिकटून राहिलीस तर संपलं. चुकलीस, अडखळलीस, पण काहीतरी नवं सापडलं, तर आम्ही खूण करून ठेवतो. आम्ही बघतो ते एवढंच, की ही मुलगी शिकवल्यावर बदलेल का. प्रमाण मराठीचा मुखवटा चढवून येऊ नकोस. कृत्रिम पुणेरी लगेच ऐकू येते. गाणं म्हण म्हटलं तर आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी म्हण. आणि ‘शेवटचं नाटक कुठलं पाहिलंस’ या प्रश्नाला मालिकेचं नाव सांगू नकोस. हसू नकोस, दर वर्षी दहा जण सांगतात. एकांकिका सोडून निदान दहा पूर्ण नाटकं वाचून ये.

आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे वळते.

माझं पहिलं शालेय शिबिर एका जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं. सहावीचा वर्ग, चौपन्न मुलं, एक खोली, एप्रिल महिना. मी नुकतीच एम.ए. होऊन आले होते, डोक्यात सगळं ताजं. मी त्यांना म्हटलं, डोळे मिटा, तुम्ही एक झाड आहात. चौपन्न मुलं हसली. मग मी नाटक बसवायला घेतलं, विषय पाणी. त्या गावाला फेब्रुवारीपासून टँकर लागायचा. मुलांनी मला हवं ते दिलं: रांगेत उभं राहून ‘पाणी म्हणजे जीवन’ आणि ‘थेंब थेंब वाचवा’. ज्यांच्या घरी चार दिवसांतून एकदा अंघोळ होत होती ती मुलं मला पाणी वाचवा म्हणून सांगत होती! मी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री झोप लागली नाही, असं लिहायला हवं. पण मला छान झोप लागली होती. चूक लक्षात यायला पुढची दोन वर्षं गेली.

दोन वर्षांनी तसल्याच एका शाळेत मी वर्गात शिरले ती तहसील कचेरीतली कारकून होऊन. वेश नाही, मिशा नाहीत, फक्त हातात एक फाइल आणि आवाजात थोडा कंटाळा. म्हटलं, ‘टँकर एकच आहे आणि वस्त्या दोन. साहेबांनी सांगितलंय, गावकऱ्यांनीच ठरवायचं. अर्ध्या तासात सही लागेल.’ वर्गाचे आपोआप दोन भाग पडले. पहिली पाच मिनिटं गोंधळ. मग कुणीतरी माणसं मोजायला लागलं, कुणी जनावरं, कुणी म्हणालं विहीर कुणाकडे आहे ते आधी बघा. आठवडाभर तोंड न उघडलेली एक मुलगी मागून उठली आणि मला विचारलं, ‘मॅडम, टँकर अकराला येतो. आई रोजानं जाती, मी साळंत असती. मंग हंडा कोन लावनार?’ माझ्याकडे, म्हणजे कारकुनाकडे, उत्तर नव्हतं. मी फाइलमध्ये लिहून घेतलं. वर्ग चाळीस मिनिटं चालला. वर्गशिक्षक दारात उभे होते, ते नंतर म्हणाले, ही पोरगी बोलते हे मला माहीत नव्हतं.

याला नाट्यशिक्षणाच्या भाषेत शिक्षक भूमिकेत जाणं म्हणतात. हे मी शोधलेलं नाही. इंग्लंडमधल्या डोरोथी हीथकोट यांनी ही रीत घडवली. त्या चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागल्या होत्या आणि पुढे विद्यापीठात शिक्षकांना शिकवू लागल्या. त्याच देशात १९६५ मध्ये कोव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने नट आणि शिक्षक यांचा एकत्र चमू शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली, त्यातून ‘थिएटर इन एज्युकेशन’ हे नाव पडलं. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी तर प्रेक्षकालाच उठवून स्टेजवर आणलं: अन्याय होतोय असं वाटलं की ‘थांबा’ म्हणायचं आणि त्या पात्राची जागा घेऊन वेगळं वागून बघायचं. आपल्याकडे एनएसडीने मुलांसाठीची वेगळी कंपनी १९८९ मध्ये उभी केली, आणि आगरतळ्याला त्यांचा याच विषयाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. तुला खरोखर शिकवायचं असेल तर एम.ए.नंतर त्याचा विचार कर, बहुतेक एम.ए. अभ्यासक्रमांत या विषयाला एखाददुसऱ्या पेपरापलीकडे जागा नसते.

मराठीत बालनाट्याची परंपरा मोठी आहे, हे विसरून चालणार नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं. राक्षस, परी, चेटकीण यांचं भव्य, नीटनेटकं नाटक मुलांना तिकीट काढून बघायला मिळालं. १९८६ मध्ये मोहन आगाशे आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीने बर्लिनच्या ग्रिप्स या बालरंगभूमीची नाटकं मराठीत आणली. त्यात मोठी माणसं मुलांची कामं करतात आणि विषय घरातले, शाळेतले, रस्त्यावरचे असतात, परी नाही. ही दोन्ही मुलांसाठीची नाटकं. मी वर सांगितलं ते तिसरंच काहीतरी आहे. त्याला प्रेक्षक नसतो, तिकीट नसतं, प्रयोगही नसतो. त्यामुळेच ते मुख्याध्यापकांना समजावणं सगळ्यात कठीण जातं. त्या टँकरच्या तासानंतर मुख्याध्यापकांनी मला चहा पाजला आणि विचारलं, ‘छान झालं, पण सव्वीस जानेवारीला दाखवायचं काय?’

उन्हाळी शिबिरांची गत याहून वाईट. एका आयोजकाने मला बजावलं होतं की प्रत्येक मुलाला किमान एक वाक्य आणि एक मुकुट मिळालाच पाहिजे, पालक फोटो काढायला येतात. मी मुकुट वाटले. पैशांची गरज होती. तूही वाटशील, त्यात लाज नाही. फक्त त्याला नाट्यशिक्षण म्हणू नकोस.

पैशाचं स्पष्टच सांगते. चित्रकला किंवा शारीरिक शिक्षणासारखं नाटकाचं वेगळं पद अनुदानित शाळांमध्ये सहसा नसतं. खासगी शाळा करारावर घेतात, आठवड्यातून दोन-तीन दिवस. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगं, एप्रिल-मेमध्ये शिबिरं, मधे स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प, आणि पावसाळ्यात हात बांधून बसणं. असं वर्ष जातं. कॉलेजात शिकवायचं तर यूजीसी नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेत नृत्य, नाट्य आणि रंगभूमी मिळून एक विषय आहे, पण जागा बोटांवर मोजण्याएवढ्या. १८ ते २५ वयोगटासाठी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये. तिचा अर्ज आत्ताच शोध, पंचविशी उलटल्यावर शोधणारे मला फार भेटतात. प्रकाश आणि ध्वनी नीट शिकलीस तर काम लवकर मिळतं, कारण नट रांगेत उभे असतात आणि लाइट करणारा मिळत नाही. पूर्व विदर्भात वडसा परिसरात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम चालू असतो तेव्हा तर नाहीच. मुली या कामात अजून कमी आहेत, म्हणून अधिकच सांगते.

आणि म्हणूनच तुझे वडील अर्धे बरोबर आहेत. बी.एड. कर. ती पदवी असली की शाळेच्या दारात तू बाहेरची राहत नाहीस. मराठीची किंवा इतिहासाची शिक्षिका म्हणून वर्ग तुझ्या हातात येतो, आणि हातात वर्ग असलेली शिक्षिका वर्षभरात जे करू शकते ते दहा दिवसांच्या शिबिराला आलेल्या पाहुणीला जमत नाही. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा एनसीटीईने, म्हणजे शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, त्यात ‘शिक्षणातील नाट्य व कला’ असा भाग घातला. बऱ्याच कॉलेजांत तो एक फाइल आणि दोन कार्डशीटवर उरकतात. तू नाटक शिकून तिथे गेलीस तर बहुधा प्राध्यापकच तुला म्हणतील, हा तास तूच घे.

क्रम मात्र उलटा ठेव. आधी नाटक, मग बी.एड. बाविसाव्या वर्षी शरीर पहाटे उठून जमिनीवर लोळायला तयार असतं, आवाज अजून घडायचा असतो, आणि रात्री दोन वाजता सेट उभा करून सकाळी तासाला बसता येतं. बी.एड. पंचविसाव्या वर्षी तितकंच जमतं. शिवाय सरावपाठ घेताना तुझ्याकडे काहीतरी असेल. नुसता तक्ता आणि छडी घेऊन उभी राहणार नाहीस. वडिलांना हा हिशेब वर्षं मांडून दाखव: दोन आणि दोन, चार. घरच्यांना भीती नाटकाची नसते, न संपणाऱ्या काळाची असते.

फॉर्म सुटायला अजून वेळ असेल. तोवर गावातल्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडे दहा दिवस, रोज एक तास माग. कुठलंही नाटक बसवू नकोस. पहिल्या दिवशी मुलांना फक्त विचार की या गावात कशावरून भांडणं होतात, आणि मग त्यातल्या एका भांडणात तूच एक माणूस होऊन शीर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फसेल. वहीत लिहून ठेव कुठे फसलं. दहाव्या दिवशी त्या पोरांकडे अकराव्यांदा जावंसं वाटलं तर फॉर्म भरताना मला कळव, कुठल्या विभागात तुझ्या उपयोगाचं कोण आहे ते सांगते. नाही वाटलं तरी फॉर्म भर, नटी हो. फक्त ती शेवटची ओळ खोड.